शाईचा हिशेब

उरला या औद्योगिक वसाहतीची काजळी बीरगांवच्या गच्च्यांवर रोज फुकट उतरते. कागदावर उतरणारी शाई मात्र तेथील एका निवृत्त मराठी गृहस्थांना फार महाग पडली.

नातवंडांची छायाचित्रे घरीच छापावीत म्हणून आणलेला प्रिंटर स्वस्त होता. यंत्र एकदाच विकले जाते, शाई पुनःपुन्हा. नफ्याचे गणित या दुसऱ्या विक्रीवर मांडलेले असते. काही मिलिलिटर शाईच्या कार्ट्रिजची किंमत ऐकून पतिपत्नींनी ती जपायचे ठरवले. छपाई केवळ सणावारी होऊ लागली.

परंतु ही शाई जपल्याने उरत नाही. केसाहून बारीक छिद्रांत ती वाळते आणि छिद्रे मोकळी करण्यासाठी यंत्र पुन्हा शाईच खर्ची घालते. पत्नीच्या तेराव्यासाठी तिचे छायाचित्र छापावयास घेतले, तेव्हा चेहऱ्यावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या. अखेर ते स्टुडिओतून करून आणावे लागले.

२०१० पासून बाटलीने शाई भरावयाचे टाकीचे प्रिंटर बाजारात येऊ लागले. त्यांची शाई पुष्कळ स्वस्त. गृहस्थांनी पुढे तसाच घेतला. वाळण्याचा धर्म त्याही शाईला चुकलेला नाही. म्हणून दर रविवारी ते एक तरी रंगीत छायाचित्र छापतात. बहुधा ते पत्नीचेच असते.