हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग, उणे पंधरा!

लेह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बुलेट, पँगाँगचं निळंशार पाणी आणि ऑफिसमधल्या निम्म्या लोकांच्या डीपीवरचा तोच तो डोंगर. हा झाला जून-जुलैचा लेह. जानेवारीतला लेह पूर्ण वेगळा आहे. बाजारातली बरीच दुकानं बंद, नळ गोठलेले, आणि बादलीभर गरम पाणी मिळालं तर ती पार्टी! रात्री पारा उणे १५ वर, कधी उणे २० वर.

पण खरी धमाल याच दिवसांत असते. शेतीची कामं संपलेली, माणसं मोकळी. डिसेंबरमध्ये गाल्दन नामचोटचे दिवे आणि लोसर, मग स्पितुकच्या गोम्पातला गुस्तोर, पुढे दोसमोचे. शिवाय आइस हॉकी. २०२४ आणि २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्सचे बर्फावरचे सामने लेहमध्येच झाले. आता गर्दी आली की स्पीकर, माइक, मिक्सर हा सगळा लवाजमाही आलाच. पण जिथे टूथपेस्ट ट्यूबमधून बाहेर यायला नकार देते, तिथे हा लवाजमा चालतो कसा?

याच प्रश्नापायी मी लेहमधल्या एका साउंडवाल्याबरोबर तीन दिवस हिंडले. सगळे त्याला ‘आचो’ म्हणतात. आचो म्हणजे थोरला भाऊ, आपल्याकडचा दादा. सोबत पुण्याहून शोसाठी आलेला एक साउंड इंजिनिअर मित्र होता. गणपती, गॅदरिंग, कॉर्पोरेट इव्हेंट, सगळं कोळून प्यायलेला.

पहिल्या रात्री शो संपला. हातमोजे घालूनच केबल गुंडाळल्या गेल्या आणि सामान आचोच्या खोलीत आलं. आत बुखारी पेटलेली, वर किटलीतून वाफ, आठ-दहा माणसं, हातात लोण्याचा खारट गुडगुड चहा. मित्राने सवयीने मिक्सरच्या पेटीच्या कडीला हात घातला. आचो जागेवरूनच म्हणाला, ‘‘भैया, अभी मत खोलो. पहले इसको सोने दो.’’

झोपू द्या? मिक्सरला? पण पाचच मिनिटांत पेटीच्या पत्र्यावर दव जमलं आणि थेंब ओघळायला लागले. फ्रिजमधून काढलेली बाटली टेबलावर घामेजते ना, सेम तेच. बाहेरून आलेली वस्तू उणे पंधराला असते. खोलीतली हवा गरम आणि वाफेने, श्वासांनी दमट झालेली. गार पृष्ठभागाला लागताच त्या हवेतलं पाणी बाहेर पडतं. पेटी उघडी असती तर हेच पाणी सर्किट बोर्डावर जमलं असतं. त्यात कुणी टेस्टिंगसाठी बटण दाबलं, की खेळ खल्लास!

म्हणजे इथे सामानाला थंडीपेक्षा जास्त भीती उबेची. खरं तर, घाईची. आचोचा नियम साधा आहे. पेटी बाहेरच, थंडीतच बंद करायची. वरून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी चढवून तोंड घट्ट बांधायचं आणि मगच आत आणायची. दव जमेल ते पिशवीच्या बाहेर. रात्रभर ती तशीच ठेवायची, आतलं सामान खोलीच्या तापमानाला आलं की सकाळी उघडायची. जे सामान आठवडाभर लागणार नाही ते उबदार खोलीत आणायचंच नाही. कोरड्या, बंद खोलीत थंडच राहू द्यायचं, सेल काढून. रोज गरम-थंड, गरम-थंड करण्यापेक्षा एकसारखी थंडी बरी. बऱ्याच डिजिटल मिक्सरच्या पुस्तिकेत वापरासाठी ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, पण नुसतं ठेवायला उणे २० पर्यंत चालतं.

स्टेजवरचे फंडे आणखी वेगळे. साध्या अल्कलाइन सेलचा जीव थंडीत निम्म्याहूनही कमी होतो, म्हणून वायरलेस माइकला लिथियमचे सेल. जास्तीचे सेल जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करायच्या नाहीत, त्या कायमच्या खराब होतात. पीव्हीसीची केबल काठीसारखी ताठ होते, जोर करून गुंडाळली तर वरचं आवरण तडकतं. म्हणून रबरी आवरणाच्या केबल. मिक्सरचा स्क्रीन सुस्तावतो, फेडर जड होतात. स्पीकरच्या कोनभोवतीची कडही आखडते. त्यामुळे शोच्या आधी निदान अर्धा तास हळू आवाजात काहीतरी वाजत ठेवायचं. थोडक्यात, जिमसारखंच. वॉर्म-अपशिवाय वजन उचलायचं नाही!

बरं, लेहची उंची साधारण ३,५०० मीटर. पहिल्या दिवशी आपल्याला धाप लागते, तशीच जनरेटरलाही. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी पडते, म्हणून जनरेटर हिशोबापेक्षा मोठा घ्यावा लागतो. वर डिझेलचं दुखणं. कडक थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठून इंजिन बंद पडतं. त्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

आणि खुद्द आवाज? तोही थंडीत हळू चालतो. २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, उणे २० ला फक्त ३१९. मोठ्या मैदानात मागे लावलेल्या स्पीकरचा डिले पुण्याच्या आकड्यावर ठेवला तर गणित चुकलंच. बासरीवाल्यांचे तर हालच. तीस अंशांचा फरक पडला की काळी एकची बासरी पांढरी एककडे उतरायला लागते. फुंकरीच्या उबेने थोडी सावरते, पूर्ण नाही.

या सगळ्यात मजा वाटते ती दमन आणि सुरना ऐकताना. नगाऱ्यांची जोडी आणि सनईची लडाखी बहीण. ना सेल, ना केबल, ना डिझेल. मित्र मान डोलवत म्हणाला, ‘‘आपले हलगीवालेसुद्धा वाजवण्याआधी हलगी शेकून घेतातच की. वाद्याला तयार व्हायला वेळ द्यावा लागतो, हे त्यांना आपल्या आधी कळलंय.’’

आचोच्या बाबतीत या वेळेची किंमत रोख आहे. बर्फाने झोजिला बंद झाला की रस्त्याने सुटा भाग येत नाही, विमानाने मागवला तर भाडं परवडत नाही. मिक्सर एकच, त्यावर हप्ते चालू. तो भिजला तर पूर्ण हिवाळ्याची कमाई गेली. म्हणून रात्री अकरा वाजता, बोटं बधिर झालेली असताना, सगळे बुखारीकडे पळत असताना, हा माणूस बाहेर उभा राहून एकेका पिशवीचं तोंड बांधत असतो. त्याने मागितलेले पैसे जास्त वाटले, तर त्यात ही पंधरा मिनिटंही धरा.

तुम्ही चादर ट्रेकला किंवा हॉकी बघायला लेहला जात असाल तर हा फंडा फुकट घ्या. कॅमेरा, लॅपटॉप, गिटारचा पेडल, सगळ्याला हेच लागू. बाहेरच पिशवीत बंद करा, आत आणा आणि निवांत चहा प्या. फोटो सकाळी बघा. ते कुठे पळून जात नाहीत. जुले!