कटरेषेच्या अलीकडे-पलीकडे

धुळ्याहून आग्रा रोड धरला की शिरपूर, सेंधवा मागे पडतं आणि इंदूरच्या अलीकडे महूकडे जायचा फाटा लागतो. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून आपण सारे महूला ओळखतो. त्याच छावणीच्या गावात मुकेश कुमार नावाचा गोल्फर राहतो. देशातल्या शंभराहून अधिक स्पर्धा त्याने जिंकल्या, पण आशियाई टूरवरचं पहिलं विजेतेपद मिळायला 2016 चा डिसेंबर उजाडावा लागला. दिल्ली गोल्फ क्लबवर पॅनासॉनिक ओपन त्याने जिंकलं, तेव्हा तो 51 वर्षांचा होता. त्या टूरवर इतक्या वयात पहिली स्पर्धा आधी कुणीच जिंकली नव्हती.

आमच्या गावात, पिंप्राळ्यात, गोल्फचं मैदान नाही. तरी मी या खेळाचे निकाल नेमाने वाचतो, आणि वाचताना विजेत्याच्या नावाआधी माझी नजर कटरेषेवर जाते. स्पर्धा चार दिवसांची, 72 होलची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुणतक्त्यावर एक रेघ ओढली जाते. रेघेच्या वर राहिला तो पुढचे दोन दिवस खेळतो आणि बक्षिसाच्या रकमेत त्याचा वाटा असतो. खाली गेला त्याला बहुतेक स्पर्धांत एक पैसाही मिळत नाही. प्रवास, हॉटेल, कॅडीची मजुरी, सगळं पदरचं. एका फटक्याने कट हुकला तरी हिशेब तोच. सांघिक खेळात वाईट दिवस अकरा जणांत वाटला जातो, इथे वाटेकरी नसतो. चेंडू जागेवर स्थिर असतो, समोरून कुणी तो टाकलेला नसतो. चुकलं तर चुकलेला हात आपलाच. शेवटी स्कोअरकार्डावर सहीही आपणच करायची.

आषाढी एकादशीला आमच्या गावात विठ्ठलाचा रथ निघतो. एवढा उंच रथ, दोर ओढणारे शेकडो हात. पण त्याला वळवतो आणि थांबवतो तो चाकाशी वाकून मोगरी लावणारा माणूस. लाकडाचा तुकडा नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात चाकाखाली सारायचा. जरा उशीर झाला की रथ भलतीकडे जातो. तीन-चार फुटांचा पुट मारायला वाकलेला गोल्फर पाहिला की मला तो मोगरीवाला आठवतो. साडेतीनशे यार्डांची लांबलचक ड्राइव्ह आणि हा हाताएवढा पुट, कार्डावर दोन्हींची किंमत एकच.

पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने ही किंमत जगासमोर मोजली आहे. 2015 मध्ये पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. त्याच वर्षी प्रेसिडेंट्स कपमध्ये शेवटच्या ग्रीनवर त्याचा छोटा पुट चुकला आणि सामना हातचा गेला. पुढे घसरत घसरत 2022 च्या मार्चमध्ये तो जागतिक क्रमवारीत 322 वा होता. अशा अवस्थेत तो प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये उतरला. पावसाने सोमवारपर्यंत लांबलेल्या त्या स्पर्धेत कॅमेरॉन स्मिथच्या मागे, फक्त एका फटक्याने, दुसरा आला. अनेक महिन्यांचं अपयश चार फेऱ्यांत पुसलं गेलं, म्हणून मला ही घसरगुंडी शोकांतिका वाटत नाही.

मन मात्र गुंततं ते पुण्याच्या उदयन मानेत. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली म्हणून ऐनवेळी त्याला टोकियो ऑलिम्पिकचं दार उघडलं. पहिल्या दिवशी 76, पारपेक्षा पाच फटके जास्त. साठ जणांत अगदी तळाशी. एरवी अशा सुरुवातीनंतर शुक्रवारी सामान बांधायची वेळ येते. पण ऑलिम्पिकमध्ये कट नसतो. माने उरलेले तीन दिवस खेळला आणि 56 वा आला. पदकाशी त्या क्रमांकाचा काही संबंध नव्हता, आणि आपल्या वर्तमानपत्रांत त्याला जागाही फारशी मिळाली नाही. माझ्या मते ती मिळायला हवी होती. तळाशी पोहोचलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे उठतो, सराव करतो, टीवर चेंडू ठेवतो, आणि कालचे पाच फटके डोक्यातून काढून पहिला फटका मारतो. व्यावसायिक गोल्फचं सगळं काम त्या सकाळी असतं. खेळाच्या पानावर करंडक उचलणाऱ्याच्या फोटोशेजारी, एका फटक्याने रेघेखाली गेलेल्यांची नावंही छापली जावीत, आणि पुढच्या आठवड्यात ते कुठल्या गावच्या कोर्सवर उतरले तेही.