सरकारी

आरे कॉलनीतल्या केंद्र सरकारच्या कुक्कुटपालन केंद्रातून आजीने सहा पिल्लं आणली ती २००४ च्या जूनमध्ये, बुटांच्या खोक्याला भोकं पाडून, गोरेगाव ते बोरिवली लोकलने. डब्यात कुणी विचारलंच तर 'चपला आहेत' म्हणायचं ठरलं होतं. चपला मालाडपासूनच चिवचिवायला लागल्या.

बाभईत तेव्हा आमची बैठी चाळ होती. मागे दोन खाटांएवढं परसू, त्यात एक शेवगा, धुण्याचा दगड आणि बाबांनी खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेलं खुराडं. सहांतले दोन नर निघाले. पहिली बांग पहाटे पावणेचारला झाली, तिसऱ्या बांगेला समोरच्या बिऱ्हाडाची खिडकी उघडली. त्या दोघांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. एक पिल्लू मुंगसाने नेलं. उरल्या तीन तलंगा. "कोंबडा नाही तर अंडी कशी घालणार?" असं शेजारच्या काकू गंभीरपणे विचारायच्या. आजी म्हणायची, "पिल्लू हवं तर कोंबडा लागतो. आम्हाला आमलेट हवंय."

दिवाळी झाल्यावर पहिलं अंडं आलं. लिंबाहून जरा मोठं, तांबूस, वर रक्ताची एक बारीक रेघ. घालणारीच्या तुऱ्याचं टोक डाव्या डोळ्यावर पडलेलं असायचं, त्यामुळे ती कायम मान तिरकी करून, अर्ज तपासावा तशी आपल्याकडे बघायची. पण तिचं नाव पडलं ते वेगळ्या कारणाने. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो. म्हणजे आज आठला घातलं तर उद्या नऊच्या आसपास, परवा आणखी उशिरा, आणि सरकत सरकत दुपार झाली की एक दिवस खाडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी लवकर हजर. रोज उशिरा यायचं आणि मग सरळ रजा टाकायची, वर अंडं घातल्यावर अर्धी चाळ ऐकेल एवढा गाजावाजा करायचा. आजीने तिला 'सरकारी' म्हणायला सुरुवात केली. बाबा स्वतः राज्य सरकारच्या नोकरीत. त्यांनी ते ऐकलं न ऐकलं केलं.

खाण्यात तिचा थाट होता. तांदळाची कणी, भाजीची देठं आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या. शिंपल्या आजी तव्यावर भाजून वरवंट्याने भरड कुटायची, कारण अंड्याचं कवच म्हणजे बहुतेक सगळा चुनाच, तो कोंबडीने आणायचा कुठून? एकदा आईने काटकसर म्हणून आठवडाभर सुक्या बोंबलांची डोकी घातली. त्या आठवड्यातल्या आमलेटला बोंबलाचा असा वास आला की तो प्रयोग तिथेच थांबला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे मापायला कुणी नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत धुण्याचा दगड दिसेनासा झाला आणि खुराडं तरंगायला लागलं. बाबा ऑफिसातच अडकलेले. आजीने साडीचा काचा मारला, तिन्ही कोंबड्या डालग्यासकट उचलल्या आणि पोटमाळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बाबा कुठून कुठून चालत घरी आले आणि दारातून पहिला प्रश्न केला तो कोंबड्यांचा. हे त्यांनी नंतर कधीच कबूल केलं नाही. पुढे दोन आठवडे एकीनेही अंडं दिलं नाही.

मग २००६ चा फेब्रुवारी. नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, मुंबईत अंड्याला कुणी हात लावेना. नवापूर म्हणजे ते स्टेशन, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. बाभईपासून ते किती लांब हे आजी नकाशा दाखवून समजवायची, पण उसनी दोन अंडी मागायला येणाऱ्या काकू परसाकडे तोंड करून बोलायच्यासुद्धा बंद झाल्या. तिघींना काही झालं नाही.

पहिल्या वर्षासारखी अंडी नंतर मिळत नाहीत. दरवर्षी पिसं झडतात तेव्हा काम बंद, आणि पुन्हा सुरू होतं ते आधीपेक्षा कमी. तिघींतली एक अंडं अडकून मेली. दुसरी २००७ मध्ये रश्श्यात गेली. कुकरच्या आठ शिट्ट्यांनंतरही ती चिवट ती चिवटच, आणि ताटात कुणी कुणाकडे बघेना. ऐन गौरीगणपतीत नातेवाईक भांडतात तेव्हाही आमच्या पंगतीला एवढी शांतता नसते.

२००८ सालापासून सरकारीचं अंडं साफ बंद झालं. एका शनिवारी रात्री बाबांनी विषय काढला, की नुसती कणी खाते, उद्या रविवार आहे. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अठ्ठावन्नाव्या वर्षी तुझं काय करायचं तेही आत्ताच ठरवून टाकू." बाबांना तेव्हा पाच वर्षं उरली होती. विषय पुन्हा निघाला नाही.

सरकारीने मात्र कामावर येणं सोडलं नाही. रोज वेळेवर खुराड्यातल्या गवतावर जाऊन बसायची, तास-दीड तासाने उठून तोच गाजावाजा करायची. आणि आजी दरवेळी गुडघ्यावर हात टेकत उठून बघून यायची. मी विचारलं तर म्हणायची, "ओरडतेय तर बघायला नको?"

२०१० च्या थंडीत सरकारी गेली. त्याआधीच्या श्रावणात, सकाळी साडेआठला, आजी परसातून ओंजळ धरून आली. ओंजळीत एक अंडं होतं, कवच इतकं पातळ की बोटाने दाबलं तर आत जाईल. त्या वर्षी बाबांच्या ऑफिसात सहाव्या वेतन आयोगाशिवाय दुसरी चर्चा नव्हती. आजीने ओंजळ त्यांच्या चहाच्या कपाशेजारी आणली आणि म्हणाली, "घे, हिचे एरियर्स आले."

श्रावण असल्यामुळे ते खाल्लं मात्र कुणी नाही.