तात्पुरत्याचें बळ

तात्पुरती वस्तु म्हटली कीं ती कशीबशीच असावयाची, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. दाढेवर बसवावयाच्या तात्पुरत्या कॅपचा विचार केला असतां मात्र या कशाबशांतहि केवढें शास्त्र आहे, हें ध्यानांत येतें.

कायमची कॅप तयार होईपर्यंत, म्हणजे सुमारें दोनतीन आठवडे, कोरलेल्या दांताचें रक्षण हिनें करावयाचें. चावतांना ती फुटतां कामा नये. आणि डॉक्टरांनीं काढूं म्हणतांच निमूटपणें निघाली पाहिजे. म्हणून ती बसविण्याचें सिमेंट मुद्दाम कच्चें ठेवितात. पुष्कळदां त्यांत जस्ताचें भस्म व लवंगेच्या तेलांतील द्रव्य असतें. म्हणजे आजीबाईच्या बटव्यांतलेंच औषध!

कॅपचीं द्रव्यें मुख्यत्वें दोन. १९३० नंतरच्या दशकांत कवळ्यांसाठीं प्रचारांत आलेलें ॲक्रिलिक चिवट व स्वस्त. परंतु घट्ट होतांना तें तापतें, आकसतें, आणि कडेला फट राहते. मागाहून आलेलें बिस-ॲक्रिल कमी तापतें, नेटकें बसतें, मोडल्यास सांधतांहि येतें. मात्र पातळ ठिकाणीं तें ठिसूळ. कारखान्यांत घट्ट केलेल्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्यांतून यंत्रानें कोरलेली कॅप सहसा अधिक दिवस टिकते. पण तिला खर्चहि अधिक.

शहापुरास आमच्या दाढेवर अशी कॅप बसवितांना डॉक्टरीणबाईंनीं प्रथम विचारलें, ‘पुन्हां कधीं याल?’ द्रव्याची गोष्ट त्यांनीं नंतर काढली. त्या प्रश्नाचें मर्म या भागांत राहणारासच कळेल. भाताची आवणी सुरू झाली, कीं डोळखांबच्या किंवा मुरबाडकडील टोकावड्याच्या माणसास दवाखान्याची दुसरी खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस्. टी. चें भाडें. दांत दुखत तर नाहीं ना? मग दिवाळीनंतर पाहूं! अशा रीतीनें तीन आठवड्यांची कॅप चार महिने नाचणीची भाकरी चावीत राहते.

फुटलेली कॅप एक वेळ परवडली. माणूस निदान धांवत येतो. खरा दगा न फुटलेली देते. आंतलें सिमेंट विरघळतें, फटींतून कीड शिरते, आणि दांताची नस आधींच काढलेली असल्यास दुखण्याचा इशाराहि मिळत नाहीं. कॅप शाबूत, आणि खालचा दांत गेलेला!

म्हणून द्रव्य निवडतांना रोग्याच्या जबड्याइतकाच त्याच्या गांवचा रस्ताहि डॉक्टरांनीं विचारांत घ्यावा. आणि रोग्यानें खुर्चीवरून उठण्यापूर्वीं पुढची तारीख पदरांत पाडून घ्यावी. आवणी दरवर्षीं येते; गेलेला दांत येत नाहीं.