हाताचा अंदाज की मापाचा आकडा?

"तुमच्यातल्यांना हे जमायचं नाही." हे वाक्य मी कॉलेजात नाही, कल्याण पूर्वेच्या एका गॅरेजमध्ये ऐकलं. निमित्त होतं एका स्कूल व्हॅनचं मागचं अ‍ॅक्सल.

मित्रांनो, आज थोडं नट-बोल्टाचं बोलतो. आपण 'मेरिट'वर वाद घालतो तेव्हा उदाहरणं यूपीएससीची आणि मेडिकलची असतात. मेरिटची दादागिरी पान्याच्या जगातही चालते.

दहावीनंतर मी त्या गॅरेजला लागलो. उस्तादांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं. पुढची दोन वर्षं हौसिंग खोलणं, रॉकेलने धुणं, जुनी बेअरिंग काढणं हेच माझं काम. पिनियन आवळायची वेळ आली की मला चहा आणायला पाठवायचे. शेजारी उभा राहायचा त्यांचा पुतण्या.

मारुती ऑम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, पण ताकद जाते मागच्या चाकांना. ती पोहोचवतात क्राऊन आणि पिनियन. पिनियन दोन टेपर बेअरिंगवर बसतो आणि त्या बेअरिंगना आधीच ठरावीक दाब देऊन ठेवावा लागतो. त्याला म्हणतात प्रीलोड. कमी पडला तर लोड आल्यावर पिनियन हलतो, गाडी गुणगुणते, दात खाल्ले जातात. जास्त झाला तर बेअरिंग तापून जळतात.

"उस्ताद, किती आवळायचं?" मी एकदा विचारलं. "हाताला कळतं," एवढंच उत्तर.

एकदा उस्ताद गावी गेले असताना व्हॅन आली. शाळा चालू, मालक घाईत. मी पिनियन आवळला. जरा जास्तच जड फिरू लागला, म्हणून नट थोडा सैल केला. हाताला बरं वाटलं. तीन आठवड्यांनी ती व्हॅन पत्री पुलाजवळ बंद पडली. आत मुलं होती. कुणाला इजा झाली नाही, पण आजही तो पूल ओलांडताना पोटात गोळा येतो. चूक माझीच होती. पण उस्तादांनी चूक दाखवली नाही, जात दाखवली. आणि मी कित्येक वर्षं ते खरं मानलं.

पुढे ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये काम करताना एका मित्राने सर्व्हिस मॅन्युअलचं एक पान समजावून दिलं. दोन बेअरिंगच्या मध्ये एक स्पेसर असतो. नट आवळला की तो दबतो आणि दबलेला परत पूर्ववत होत नाही. म्हणून आकडा ओलांडला तर नट सैल करून चालत नाही, नवा स्पेसर टाकून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. माझ्या रक्तात खोट नव्हती. मला एक वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आकडाही मोजता येतो. क्राऊन बसवण्याआधी, बेअरिंगला तेल लावून, नट थोडा थोडा आवळायचा आणि दर वेळी पिनियन फिरवून रोलर बसू द्यायचे. फ्लँजला दोरी गुंडाळून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढायची. पहिला झटका धरायचा नाही, फिरत असतानाचं वजन वाचायचं. फ्लँजची त्रिज्या ५ सेंमी आणि काट्यावर ४ किलो, तर २० किलो-सेंमी, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर. त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसलं की थांबायचं. नव्या बेअरिंगची मर्यादा वापरलेल्यांपेक्षा जास्त असते. झालं! यात 'हाताची देणगी' कुठे आली?

उस्तादांचा हात खोटा नव्हता, ते कसबी होते. पण जे ज्ञान फक्त हातात राहतं ते फक्त पुतण्याला मिळतं. आकडा मात्र कुणाचं आडनाव विचारत नाही.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी आपल्याला या कामांतून बाहेर काढलं, तू परत गॅरेजात का नेतोस? प्रश्न रास्त आहे. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ सालीच मांडलं. त्यांचा विरोध जन्माने लादलेल्या कामाला होता, यंत्राला नव्हता. उलट यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, म्हणून ते यंत्राच्या बाजूने उभे राहिले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. मग 'शिका' म्हणजे फक्त पदवी, हे आपण कुठून आणलं? पदवी घ्याच. पण जो पोरगा पान्याकडे वळतो त्याला मॅन्युअल वाचता आलं पाहिजे, आणि मजुरी अंदाजाची नव्हे, मापाची मागता आली पाहिजे.

आता दर रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण बसतो. एक जुनं हौसिंग, दोरी, काटा, भिंतीवर आकडे. परवा एका पोराने आकडा ओलांडला आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला नवा स्पेसर दिला. म्हटलं, "परत कर."

तुम्हाला जे काम येतं, त्याचे आकडे भिंतीवर लिहा. चहाला कुणालाही पाठवू नका.

जय भीम!