सेकंदाचा सव्वाशेवा भाग

गृहपाठाचा कागद जेमतेम अर्ध्या पानाचा होता. घरातल्या एका व्यक्तीचा फोटो काढायचा. उजेड फक्त खिडकीचा. फ्लॅश नाही, ट्यूबलाइट नाही. कॅमेरा ‘मॅन्युअल’वर, आयएसओ ८००च्या वर न्यायचा नाही. चेहरा आणि हात दोन्ही चौकटीत हवेत, दोन्ही स्पष्ट हवेत. नंतर संगणकावर डागडुजी करायची नाही. मुदत पंधरा दिवस.

जयनगरमध्ये दर रविवारी सकाळी नवशिक्यांसाठी छायाचित्रणाचा वर्ग भरत असे. लेकीचा जुना कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स पिशवीत घालून मीही तिथे जाऊ लागले होते. लालबागेतलं काचघर, तिथल्या खडकावरून दिसणारं शहर, फुलांवरचे थेंब, इथवर सगळं झकास चाललं होतं. काचघर १८८९ साली बांधलेलं आणि खडक तर सुमारे ३०० कोटी वर्षांचा. दोघंही हलत नाहीत, कुरकुरत नाहीत. माणसाचा फोटो म्हटल्यावर खरी परीक्षा सुरू झाली.

कारण दिवसा आमच्या घरात माझ्याखेरीज एकच माणूस असतं, ते म्हणजे माझ्या सासूबाई.

आई एक्याऐंशी वर्षांच्या. माहेर बेळगावचं, त्यामुळे मराठीइतकंच कन्नडही तोंडात. बसवनगुडीच्या भाजीवाल्यांशी माझ्यापेक्षा त्यांचंच जास्त पटतं. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स झाला आणि उजवा हात थरथरू लागला. तेव्हापासून त्यांनी फोटोच सोडला. नातवाच्या मुंजीच्या अल्बममध्ये त्या सगळीकडे आहेत, पण एकाही फोटोत त्यांचे हात नाहीत. दोन्ही हात पदराखाली. चारचौघांत चहासुद्धा घेत नाहीत. हात दाखवणं त्यांना जिवावर येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

“आई, तुमचा फोटो काढू का? वर्गात द्यायचाय.”

“चेहऱ्याचा काढ हवा तर.”

“हातही हवेत म्हणतात.”

त्या काहीच बोलल्या नाहीत. मीही विषय वाढवला नाही. तासाभरानं पाहते तर स्वारी इरकल नेसून खिडकीपाशी खुर्चीत येऊन बसलेली. हात मांडीवर, उघडे. “लवकर आटप,” एवढंच म्हणाल्या.

जुलै महिना, बंगळूरचं नेहमीचं ढगाळ आभाळ. असा उजेड चेहऱ्यासाठी फार चांगला, कारण सावल्या मऊ पडतात. पण तो असतो तुटपुंजा. एफ-५.६, आयएसओ ४००, शटर सेकंदाचा तिसावा भाग, असं गणित जमलं. चेहरा सुरेख आला. हातांच्या जागी मात्र धुक्याचा पुंजका.

वर्गात पहिल्याच दिवशी एक चित्र दाखवलं होतं, दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधल्या एका रस्त्याचं घेतलेलं. भर दिवसाचा गजबजलेला रस्ता, पण चित्रात शुकशुकाट. तेव्हा एका चित्राला मिनिटंच्या मिनिटं लागत. चालणारी माणसं, गाड्या, घोडे सगळे विरून गेले. उरला तो फक्त बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला गृहस्थ. जे हलतं ते कॅमेरा पुसून टाकतो, हे मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. आता तेच माझ्या घरात घडत होतं.

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. या आजारातला कंप साधारणपणे सेकंदाला चार ते सहा वेळा होतो. हात एक सेंटिमीटरभर मागेपुढे होत असेल, तर सेकंदाच्या तिसाव्या भागात तो जवळजवळ अर्धा सेंटिमीटर सरकू शकतो. बोटाच्या रुंदीशी ताडून पाहा, म्हणजे धुकं कुठून येतं ते कळेल. शटर सव्वाशेव्या भागावर नेलं तर हे सरकणं मिलिमीटरच्या घरात येतं. पण त्यासाठी चौपट उजेड हवा, आणि तो आणायचा कुठून? आयएसओ ८०० केल्यावर दुप्पट मिळाला. लेन्स १८वर आणली तर छिद्र आणखी उघडतं, पण मग जवळ जावं लागतं आणि पुढे असलेले हात चेहऱ्यापेक्षा मोठे दिसू लागतात. आईंना तेच तर नको होतं!

मग पडदे काढले. खुर्ची खिडकीला अगदी भिडवली, कारण खिडकीपासून जरा दूर गेलं की उजेड भराभर कमी होतो. उरलेला दुप्पट तिथे मिळाला. चेहऱ्याची दुसरी बाजू अंधारात जात होती, तिथे उजेड परतवायला काहीतरी पांढरं हवं होतं. आईंनीच ट्रंकेतून मामंजींचं धोतर काढून दिलं. ते दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर पसरलं. “शेवटी यांचा उपयोग झाला म्हणायचा,” आई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसल्या.

एवढं करूनही बोटांच्या कडा पुसटच येत होत्या. शिवाय कॅमेरा समोर आला की कंप वाढायचा. डॉक्टर म्हणतात, ताण आला की तो वाढतोच. कागदावर ‘व्यक्तीला स्थिर बसवावे’ अशीही एक सूचना होती. लिहिणाऱ्याला काय जातं!

रविवारी सरांना अडचण सांगितली. कुणाचा फोटो, ते सांगितलं नाही. त्यांनी त्या दिवशी वर्गाला कर्नाटकातल्या वन्यजीव छायाचित्रकारांबद्दल सांगितलं. बंगळूरचे टी. एन. ए. पेरुमाळ आणि संडूरचे एम. वाय. घोरपडे. हे घोरपडे म्हणजे बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूर या मराठा संस्थानाच्या घराण्यातले. राज्याचे अर्थमंत्री होते, आणि रानातल्या जनावरांचे त्यांनी काढलेले कृष्णधवल फोटो जगभर नावाजले गेले. आपलं आडनाव ऐकल्यावर परमुलखात कान टवकारतातच, माझेही टवकारले. सर म्हणाले, “हत्तीला स्थिर बस म्हणून सांगता येत नाही. तो आपल्या कामात असतो, आपण थांबायचं.”

आपल्या कामात. घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यात घोळत होता. कारण या कंपाची एक गंमत डॉक्टरांनी मागेच सांगितली होती. हात नुसता मांडीवर टेकलेला असतो तेव्हा तो अधिक थरथरतो. तोच हात काही घ्यायला, करायला पुढे गेला की थरथर पुष्कळदा कमी होते. वयोमानानं हात कापणाऱ्या इतर कितीतरी लोकांचं याच्या नेमकं उलट असतं, कप उचलला की कंप वाढतो. आईंना हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवसभर काही ना काही हातात धरून असतात ते उगीच नाही.

शुक्रवारी गांधी बझारला गेले. तिथे विणलेली फुलं ‘मोळ’ या मापानं विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी, आपला हातच. विकणाऱ्या बायका आपल्याच हातावर माप घेतात, त्यामुळे लांब हाताची फुलवाली गाठावी हे इथल्या बायकांचं जुनं शहाणपण. मी विणलेली घेतली नाहीत. सुटा मोगरा आणि केळीचा दोरा घेतला.

आईंनी ताट पुढ्यात ओढलं. “किती दिवसांनी गं!” पूर्वी त्या दहा मिनिटांत गजरा करत. आता एकेक कळी उचलायला, फास टाकायला वेळ लागत होता. हालचाल मंदावणं हा याच आजाराचा दुसरा भाग. कंपानं माझी पंचाईत केली होती, तर हा मंदपणा शटरच्या पथ्यावर पडला. त्या कॅमेरा विसरल्या. गजरा व्हायला पाऊण तास लागला आणि तेवढ्यात मी साठेक फोटो घेतले. चिमटीतली कळी, दोऱ्याचा फास, खाली झुकलेला चेहरा, सगळं लख्ख.

शेवटी गजरा मांडीवर ठेवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. तेव्हाही मी एक फोटो घेतला. त्यात चेहरा शांत आहे आणि हात परत पुसट झालेले, मोगरासुद्धा त्यांच्यासोबत पसरलेला. माझ्या मते सगळ्यांत चांगला फोटो तोच. रात्री यांनाही तोच आवडला.

दोन्हींच्या प्रती काढून आईंपुढे ठेवल्या. पहिला त्यांनी चष्मा लावून खूप वेळ पाहिला. बोटांवरून बोट फिरवलं. “हे माझेच ना?” म्हणाल्या. दुसराही पाहिला. “हाही खोटा नाही. पण द्यायचा हा,” असं म्हणून पहिला माझ्याकडे सरकवला. दुसरा त्यांनी आपल्या पोथीच्या कपाटात ठेवला. हात त्यांचे होते, निवडही त्यांचीच.

वर्गात दहापैकी सात गुण मिळाले. डाव्या गालावर सावली जास्त झाली म्हणे. आईंना गुणांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना त्या फोटोची आणखी एक प्रत हवी होती, बेळगावच्या बहिणीला पाठवायला.

“आणि मागे लिही,” त्यांनी बजावलं, “गजरा विकतचा नाही, मी केलाय.”