नांदूरची सपाट वाट

नाशिककरांना चालायला चला म्हटलं की त्यांची नजर आधी वर जाते. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज, हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, बागलाणातला १५६७ मीटर उंचीचा साल्हेर. या जिल्ह्यात चढाला मान आहे आणि तो रास्तच आहे. माझा जीव मात्र रमतो तो पूर्वेला, निफाड तालुक्यात, खाणगाव थडी आणि चापडगावच्या पाणथळीकाठच्या वाटांवर. तिथे धाप लागत नाही, कुणाला हात देऊन वर ओढावं लागत नाही. सत्तरीची आजी आणि सहा वर्षांचं नातवंड एका चालीनं चालतात आणि दोघांनाही सारखंच दिसतं.

वाट सपाट आहे, कारण नदीच इथे पसरली आहे. त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेली गोदावरी नाशिक शहर ओलांडते, चांदोरी-सायखेड्यावरून पुढे येते आणि नांदूर मध्यमेश्वरला तिला दिंडोरीकडून आलेली कादवा मिळते. या संगमाशी इंग्रजी अमलात, विसाव्या शतकाच्या आरंभी, बंधारा बांधला गेला. हेतू सरळ होता. सह्याद्रीनं पाऊस अडवला की त्याच्यामागचा हा सगळा मुलूख कोरडा राहतो, त्याला पाणी द्यायचं. डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि त्यांच्या पाण्यावर पार कोपरगावपर्यंत ऊस उभा राहिला. नदी मात्र इथे अडली आणि तिनं आणलेला गाळ तळाला बसत गेला. दर पावसाळ्यात नवा थर. शंभर वर्षांत पाणी उथळ झालं, मधे बेटं वर आली, काठाला पाणकणसाची दाट रानं माजली. साठवणीच्या हिशेबात हा गाळ म्हणजे निव्वळ तोटा. पाखरांनी त्यावर संसार मांडले.

सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, असं नाशिकचे पक्षिमित्र अभिमानानं सांगतात. ही तुलना मला पक्ष्यांपलीकडेही पटते. राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेवही माणसानंच घडवलेलं आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी अजान बांध घातला आणि तिथल्या खोलगट जमिनीत पाणी साचलं. दोन्हीकडे माणसानं पाणी अडवलं ते आपल्या कामासाठी, आणि पाखरं न बोलावता आली. नांदूर मध्यमेश्वरला १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरल्याचं जाहीर झालं. जगभरच्या पाणथळी जपण्याचा जो करार १९७१ मध्ये इराणातल्या रामसर गावी झाला, त्याच्या यादीत आता आपल्या निफाडच्या या चिखलाचं नाव आहे. वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत.

जायचं ते डिसेंबर-जानेवारीत आणि भल्या पहाटे. निफाडच्या थंडीची ख्याती सगळ्या राज्यात आहे; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, हे वर्तमानपत्रं पहिल्या पानावर छापतात. द्राक्षबागायतदार अशा रात्री झोपत नाहीत. बागेत शेकोट्या पेटवून, पाणी देऊन ते घड वाचवत असतात. खाणगावकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो धूर धुक्यात मिसळून मांडवांवर रेंगाळताना दिसतो. थोडं उजाडलं की कांदालागवडीच्या बायका टेम्पोतून उतरतात, डोक्याला स्कार्फ, अंगात घरधन्याचा जुना शर्ट. त्यांच्या गप्पा धुक्यातून माणसांच्या आधी येतात.

वनखात्याच्या फाटकातून आत गेलं की मातीची वाट सुरू होते. एका बाजूला झाडोरा, दुसऱ्या बाजूला पाणी. पहिल्या काही पावलांत काहीच दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतात. टिटवीची ओरड, पाणकणसात कुणाचं तरी कुरकुरणं, लांबवर शेकडो बदकांचा एकत्र कलकलाट. मग धुकं विरळ होतं आणि पाण्यावरचे काळे ठिपके वारकरी होतात, कपाळावर पांढरा टिळा असलेले. थापटे आणि तलवार बदकं हजारो मैलांवरच्या उत्तरेतून आलेली असतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. चित्रबलाक उथळ पाण्यात अर्धवट उघडी चोच बुडवून सावकाश पुढे सरकत राहतात. चोचीला मासा लागला की ती क्षणात मिटते.

इथे पक्षिनिरीक्षणाच्या मनोऱ्यावर चढायची घाई करू नये. वाटेवरच, पाणकणसाला लागून, बसावं. जांभळी पाणकोंबडी माणसाला फारशी बुजत नाही. ती लांबलचक लाल बोटं पसरून तरंगत्या पानांवरून चालत येते, एक दांडा निवडते, चोचीनं बुडापासून उपटते. नंतर तो दांडा एका पायाच्या बोटांत पकडून चोचीपाशी आणते, आपण ऊस सोलतो तशी त्याची साल काढते आणि आतला पांढरा मऊ गर खाते. चोथा खाली टाकते आणि पुढचा दांडा शोधू लागते. उन्हात तिच्या पाठीवर जांभळा, निळा आणि हिरवा असे तिन्ही रंग एकमेकांत सरकत असतात. मी तिच्याकडे पाहत कितीही वेळ बसू शकतो. गडावर पोहोचल्यावर जे लांबचं दिसतं त्याची थोरवी मला मान्य आहे, पण हे जवळचं दिसणं चालणाऱ्याला फक्त सपाट वाटच देते. तिथे लक्ष पावलांवर ठेवावं लागत नाही.

समुद्रकाठच्या खाडीत चंद्र भरती-ओहोटी घडवतो. नांदूरला ते काम शेतीसाठी ठरावीक दिवशी पाणी सोडण्याचं आवर्तन करतं. वर इगतपुरीकडे दारणा, नाशिकजवळ गंगापूर अशी धरणं आहेत; त्यांचं पाणी सुटलं की इथली पातळी चढते आणि बंधाऱ्यावरून पाटाला पाणी गेलं की ती उतरते. पाणी उतरलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात. त्यांत किडे, शिंपले, गोगलगाई असतात, आणि मग शेकाटे, तुतवार, शराटी, चमचे काठाशी येतात. पाणी चढलं की त्यांना उडून दुसरीकडे जावं लागतं आणि खोल पाण्यातली बदकं त्यांच्या जागी येतात. म्हणजे कोपरगावच्या शेतकऱ्यानं भरलेल्या पाणीअर्जाचा आणि सैबेरियातून आलेल्या तुतवाराच्या न्याहारीचा थेट संबंध आहे. तो आवर्तन ठरवणाऱ्यांच्या ध्यानात असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. थंडीच्या दिवसांत पाणी एकदम न चढवता-उतरवता टप्प्याटप्प्यानं सोडलं, तर पाखरांना आपली जागा धरून राहता येईल.

चापडगावची बाजू अधिक मोकळी आहे. गहू, हरभरा, ऊस आणि मधे मधे गवताळ पट्टे. दलदल ससाणा गवतावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, तिरका होत जातो आणि त्याची सावली सरकली की पाण्यावरची सगळी बदकं एका दमात उठतात. एवढ्या पंखांचा आवाज छातीत जाणवतो. ओल्या काळ्या मातीत कधी बिबट्याचा पंजा उमटलेला असतो. ऊस हेच आता त्याचं रान झालं आहे, म्हणून इथे अंधारात एकट्यादुकट्यानं फिरू नये आणि मुलांना पुढे पळू देऊ नये. गावातली जी तरुण मुलं दुर्बीण गळ्यात घालून वाटाड्याचं काम करतात, त्यांना सोबत घ्यावं. कुठलं पाखरू काल कुठे उतरलं, हे त्यांना घरच्या गुरांइतकं ठाऊक असतं, आणि त्या पैशात त्यांचं घर चालायला मदत होते.

मला या वाटेवर दुखतं ते एकच. नाशिक शहर नदीत जे सोडतं, ते इथे येऊन थांबतं. त्या सांडपाण्यावर जलपर्णी माजते, जांभळ्या तुऱ्यांची, दिसायला सुरेख, पण पाण्यावर गादी अंथरून खालचं सगळं गुदमरवणारी. काठाची माणसं ती उपसून बाहेर काढतात आणि ती पुन्हा येते. तिचा उपाय खाणगावात करता येणार नाही. तो नाशिकमध्ये, आपल्या न्हाणीघराच्या मोरीपासून सुरू करावा लागेल. पाखरं बघायला गाडी काढून येणाऱ्या आम्हा शहरातल्या माणसांनी हा हिशेब आधी मांडला पाहिजे. वाटेवर पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे नकोत. नदीत स्वच्छ पाणी हवं, एवढंच मागणं आहे.

उन्हं चढली की माझी फेरी बहुधा नांदूरला, बंधाऱ्यापाशी, मध्यमेश्वराच्या दर्शनानं संपते. परवा तिथे एक भोई दादा जाळं उन्हात पसरत होते. माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहून त्यांनी विचारलं, "पाखरं पाहायला आले का?"

म्हटलं, "हो दादा. पण आज लांब आहेत सगळी."

"लांबच राहणार. पाणी चढलंय ना. चार-आठ दिसांत पाटाला पाणी सुटंल, मंग गाळ उघडा पडंल. तवा या, घरच्यांना घेऊन या. पाखरं पार त्या बाभळीपर्यंत येतात. आन् चपला घालून या, बूट नको. बुटातला चिखल निघत नाही लवकर."